नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं आणि कर्ज गळ्यात मारलं

बी.एस्सी., बी.फार्म., बीएचएमएस असं काही करून मुलं कॉलेजातून बाहेर पडली की घरोघरी एकच विषय असतो, पुढे काय? एम.एस्सी. म्हणजे आणखी दोन वर्षं. लॅबमध्ये नोकऱ्या असतात, पण सुरुवातीचा पगार ऐकून घरचे गप्प होतात. नेमक्या अशा दिवसांत मोबाइलवर फोन येतो, "तुमचा रेझ्युमे शॉर्टलिस्ट झालाय, उद्या अकराला वाशीला इंटरव्ह्यू आहे." मला त्या फोनबद्दल लिहायचं आहे. गेल्या वर्षी तो माझ्या धाकट्या भावाला आला, आणि त्यातून सुरू झालेली निस्तरानिस्तर अजून पुरती संपलेली नाही. ठाणे, कळवा, डोंबिवली, नवी मुंबई या पट्ट्यात ज्यांच्या घरी यंदा कोणी पदवीधर झालंय, त्यांनी हे मुलांनाही वाचायला द्यावं.

भाऊ मायक्रोबायोलॉजीचा. आईबाबांबरोबर कळव्याला राहतो. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेत. मी लग्नानंतर डोंबिवलीला असते, नोकरी नौपाड्यात एका सीएच्या ऑफिसात.

भावाने नोकरीच्या वेबसाइटवर रेझ्युमे टाकला होता. फोन करणाऱ्या बाईंनी 'एचआरमधून बोलतेय' असं सांगितलं. पोस्ट 'ट्रेनी मेडिकल कोडर' (आजार-उपचारांच्या नोंदींना ठरलेले कोड लावणारा), पॅकेज साडेतीन लाख, ऑफिस ऐरोलीला. कोर्स, क्लास, फी यांचं नावही निघालं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून तो ठाण्याला आला, दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडली आणि स्टेशनजवळच्या एका व्यापारी इमारतीत पोचला. त्याच्यासारखीच बरीच मुलं फाइली मांडीवर घेऊन बसलेली. लेखी परीक्षा झाली, 'टेक्निकल राउंड' झाला आणि लगेच सांगितलं, तुमची निवड झाली. फक्त कंपनी थेट फ्रेशर घेत नाही, आधी आमच्याकडे तीन महिन्यांचं ट्रेनिंग करावं लागेल. फी ७५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८८,५००. "आत्ता काही भरायचं नाही. नोकरी लागली की पगारातून महिन्याला ७,३७५ द्यायचे, बारा महिन्यांत संपलं. पण सीट आजच लॉक करायला लागेल, वेटिंगला मुलं आहेत."

आधार, पॅन, बँकेचं पासबुक मुलाखतीची कागदपत्रं म्हणून आणायला सांगितलेलीच होती. काउन्सेलर मॅडमनी 'फॉर्म मी भरून देते' म्हणत त्याचा मोबाइल आपल्या हातात घेतला. एक अ‍ॅप उतरवलं, सेल्फी काढला, एकामागून एक ओटीपी टाकत गेल्या. मग घरी बाबांना फोन लावला, "अभिनंदन काका, मुलाचं सिलेक्शन झालंय. कन्फर्म करायला तुमच्या मोबाइलवर एक नंबर आलाय, तेवढा सांगा." बाबांनी सांगितला. मुलाला नोकरी लागल्याची बातमी कानावर पडत असताना कुठला बाप नंबर सांगणार नाही? हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून फोन त्याच क्षणी केला जातो. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

त्या दुपारी प्रत्यक्षात काय झालं ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. एका वित्तसंस्थेकडून भावाच्या नावावर ८८,५०० रुपयांचं कर्ज निघालं. बाबा सहकर्जदार झाले. पैसे भावाच्या खात्यात आलेच नाहीत, थेट त्या ट्रेनिंग क्लासच्या खात्यात गेले. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपासून हप्ता आपोआप कापायची परवानगीही त्यातल्याच एका ओटीपीने बँकेत नोंदली गेली. 'नोकरी लागली की' हे शब्द कर्जाच्या कागदात कुठेच नाहीत. क्लासवाल्यांना त्यांचे पैसे पहिल्याच आठवड्यात मिळाले. त्यानंतर मुलगा शिकला काय, न शिकला काय, नोकरी लागली काय, न लागली काय, त्यांचं काहीच अडत नाही. हप्ते थकले तर तगादा मुलाच्या मागे.

घरात सगळ्यांची समजूत अशी की फी हप्त्याहप्त्याने भरायची आहे. पहिला हप्ता कापला गेला तेव्हा भावाने विचारलं, तर 'सिस्टिममध्ये ऑटो आहे, नोकरी लागल्यावर अ‍ॅडजस्ट करू' असं उत्तर मिळालं.

मेडिकल कोडिंग हे क्षेत्र खोटं नाही, हे मुद्दाम सांगते. अमेरिकेत डॉक्टरने पेशंटला तपासलं की त्या नोंदी वाचून आजाराला आयसीडी-१०-सीएमचा कोड आणि केलेल्या तपासणीला किंवा शस्त्रक्रियेला सीपीटीचा कोड लावायचा असतो. विमा कंपनी त्यावरून पैसे देते. हे काम भारतात भरपूर येतं, नवी मुंबईतही त्याची ऑफिसं आहेत. शरीररचना येणाऱ्या, इंग्रजी नीट वाचणाऱ्या मुलांना त्यात खरोखर संधी आहे. म्हणूनच त्याच्या नावावर गंडवणं सोपं जातं.

क्लासमध्ये काय शिकवलं? पुस्तकं म्हणून स्पायरल बाइंडिंग केलेल्या झेरॉक्स मिळाल्या. पहिल्या पानावरचं वर्ष झेरॉक्स करताना कागद ठेवून झाकलेलं होतं, तिथे पांढरी पट्टी दिसते. हे कोड दर वर्षी बदलतात. आयसीडीचे १ ऑक्टोबरला, सीपीटीचे १ जानेवारीला. जुनं पुस्तक इथे रद्दीच्याच लायकीचं. भावाच्या झेरॉक्समध्ये कोरोनाचा कोडच नव्हता. तो कोड, यू०७.१, अमेरिकेत १ एप्रिल २०२० पासून लागू आहे. म्हणजे पुस्तक त्याच्याही आधीचं. शिकवणारी मुलगी याच क्लासमधून आदल्या बॅचला बाहेर पडलेली, तिने कोणत्याही कंपनीत एकही चार्ट, म्हणजे पेशंटची फाइल, कोड केलेला नव्हता. ती तरी काय करणार बिचारी.

'प्लेसमेंट' म्हणून ज्या मुलाखतींना पाठवलं, ते कॉल सेंटरचे वॉक-इन होते, जिथे बारावी पास झालेलं कोणीही सरळ जाऊ शकतं. शेवटी कॉलेजच्या एका मित्राच्या ओळखीने भाऊ ऐरोलीच्या एका कंपनीत टेस्टला गेला. पेपरमध्ये नवीन पेशंटची अगदी साधी तपासणी होती. त्याने ९९२०१ लिहिलं, तसंच शिकवलं होतं. तिथल्या टीम लीडने पेपर बघून विचारलं, "अरे, हा कोड कुठे शिकलास? हा २०२१ च्या जानेवारीतच काढून टाकलाय." नंतर त्या माणसाने त्याला बाजूला घेऊन एक गोष्ट समजावली, तिच्यासाठी मी त्याची आभारी आहे. या क्षेत्रात ज्या सर्टिफिकेटला किंमत आहे त्यांतलं मुख्य म्हणजे सीपीसी. ते एएपीसी ही अमेरिकेतली संस्था देते. परीक्षेत १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास, आणि कोडची पुस्तकं समोर उघडी ठेवून लिहायची. अनुभव नसलेल्याला सुरुवातीला सीपीसी-ए, म्हणजे त्याचंच शिकाऊ दर्जाचं सर्टिफिकेट, मिळतं. परीक्षेला स्वतः नाव नोंदवता येतं, फी थेट त्या संस्थेला जाते. क्लासने ज्याला 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट' म्हटलं होतं ते क्लासनेच सोनेरी किनार लावून छापलेलं होतं.

त्या संध्याकाळी भावाने मला फोन केला, "ताई, जरा कागद बघतेस का?" दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कर्जाची पीडीएफ छापून घेतली. व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी', मासिक उत्पन्नाच्या रकान्यात २८,०००. निकाल लागून जेमतेम महिना झालेल्या, एक रुपयाही न कमावणाऱ्या मुलाचं उत्पन्न! ते त्याने लिहिलेलं नव्हतं, फॉर्म भरणाऱ्या बोटांनी लिहिलं होतं. मग क्लासची पावती घेतली. तिच्यावर १३,५०० रुपये जीएसटी लावलेला आणि २७ ने सुरू होणारा पंधरा अंकी नंबर छापलेला. जीएसटीच्या वेबसाइटवर तो नंबर लॉगिन न करता कोणालाही तपासता येतो. तपासला, तर नोंदणी रद्द झालेली. ही तपासणी घरबसल्या दोन मिनिटांत होते, आणि कुठल्याही क्लासला पैसे देण्याआधी प्रत्येकाने करावी असं मला कळकळीने वाटतं.

क्लासमध्ये जाऊन विचारलं तर उत्तर तयार होतं. "मॅडम, आम्ही गॅरंटी कुठे दिली? असिस्टन्स लिहिलंय." खरंच, छापील फॉर्मवर बारीक अक्षरात तसंच होतं. शिवाय ९० टक्के हजेरी हवी आणि एकही मुलाखत नाकारलेली नको. भावाने रात्रपाळीचं कॉल सेंटर नाकारलं होतं, तेवढ्यावर त्याचा 'हक्क' संपला. पण काउन्सेलरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज भावाकडे होता, '१००% जॉब, नाहीतर फुल रिफंड.' मुलांना सांगा, असे मेसेज पुसू नका आणि तोंडी आश्वासन मिळालं तर तेच मेसेजवर लिहून मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला त्यात मनाई आहे. हे ऐकवल्यावर बोलणाऱ्याचा आवाज खाली आला, पैसे मात्र निघाले नाहीत.

तोवर हप्ते बाबांच्या तुटपुंज्या पेन्शनमधून चालले होते. एक बाउन्स झाला, त्याचा दंड वेगळा. मग वसुलीचे फोन सुरू झाले. रात्री साडेनऊला आमच्या मामाला फोन आला, ज्याचा नंबर कोणीच कुठे दिला नव्हता. अ‍ॅपने भावाच्या मोबाइलमधले नंबर उचलले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जाच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावता येत नाही, आणि वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. आम्ही प्रत्येक फोनची तारीख, वेळ वहीत लिहिली, स्क्रीनशॉट ठेवले. पुढे त्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

अशा वेळी खातं रिकामं ठेवून हप्ता चुकवावासा वाटतो. तसं करू नका. दंड वाढतो, आणि मुलाच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, नोकरी लागायच्या आधीच डाग पडतो. आधी वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याचं नाव आणि ईमेल त्यांच्या वेबसाइटवर द्यावंच लागतं. आम्ही लिहिलं की उत्पन्न खोटं दाखवलंय, कर्ज म्हणून सांगितलंच नव्हतं, आणि सोबत सगळे पुरावे जोडले. आलेल्या उत्तरात काहीच अर्थ नव्हता. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँका-वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार केली. संस्थेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही की तिथे जाता येतं. फी लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. त्यानंतर मात्र चक्रं हलली. वित्तसंस्थेने उरलेलं कर्ज बंद केलं, ना हरकत पत्र दिलं आणि सिबिलवरची नोंदही पाठपुरावा केल्यावर सुधारली.

भरलेले हप्ते क्लासकडून वसूल करायचे राहिलेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्लासने तिथे दाद दिली नाही, म्हणून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. क्लास वाशीचा असला तरी आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, ती हातची घालवू नका. पोलिसांतही लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतली आहे.

आता ज्यांचं अजून काही बिघडलेलं नाही त्यांच्यासाठी. मुलाखतीला गेल्यावर पैशाचा विषय निघाला की ती मुलाखत नाही, तिथून उठावं. मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊ नये. 'आजच' म्हणणाऱ्याला 'घरी विचारून सांगतो' एवढंच सांगावं. सही झालीच असेल तरी त्याच दिवशी ईमेल उघडा. कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद येतो. त्यात व्याज, खर्च, तक्रार अधिकारी हे सगळं असतं, आणि दंड न भरता कर्जातून बाहेर पडायची मुदतही दिलेली असते. ही मुदत फार थोडी असते, काही ठिकाणी एकच दिवस, पण ती देणं बंधनकारक आहे. आम्हाला हा कागद सापडला तेव्हा मुदत कधीच उलटून गेली होती.

भाऊ आता घणसोलीच्या एका कंपनीत ट्रेनी आहे. तिथे फ्रेशर मुलांना कंपनीच शिकवते आणि शिकतानाही स्टायपेंड देते. सीपीसीचा अभ्यास तो चालू वर्षाची पुस्तकं घेऊन घरी करतो. त्याच्या बॅचमधल्या काही मुलांचे हप्ते अजून चालू आहेत, त्यांतल्या दोघींच्या तक्रारी मी गेल्या रविवारी लिहून दिल्या. वित्तसंस्थेला आणि लोकपालाला पाठवायच्या अर्जांचा मसुदा माझ्याकडे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत तयार आहे. कोणाच्या घरी असं घडलं असेल तर मागून घ्या, नावं आणि रकमा बदलल्या की तो तसाच वापरता येईल.