चार पानांचा रिपोर्ट आणि तेरा पगार

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी पाच-सहा दिवस आमच्या कारखान्यात पगार करतात. महिना संपायची वाट बघत बसलं तर गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून बांधतात त्या माटोळीचं सामान, पोरांचे कपडे आणि गावच्या घरची रंगरंगोटी कशातून होणार? गेल्या चवथीला पगार काढला त्या दुपारी पॅकिंगमधला एक ऑपरेटर माझ्या केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला. सत्तरी तालुक्यातला माणूस, चौदा वर्षांची नोकरी, आजवर एक तक्रार नाही. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "बाय, पयशे पडूंक नात."

बँकेचा सर्व्हर असेल, थोडं थांबा, म्हणून मी त्याला परत पाठवला. संध्याकाळपर्यंत असे तेरा जण झाले.

मी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एचआर बघते. सव्वातीनशे कायम कामगार, शिवाय कंत्राटी. बावीस वर्षं हेच काम करते आहे आणि कोण खोटं बोलतंय ते मुलाखतीत पाच मिनिटांत ओळखते, असा माझा समज होता. आता तो बाजूला ठेवला आहे.

झालं असं की त्याच्या आदल्या वर्षी आम्ही नवीन एचआर सॉफ्टवेअर घेतलं. तोवर पगारपत्रक एक्सेलमध्ये, हजेरी वेगळ्या मशीनवर आणि रजेचे अर्ज कागदावर. अकाउंट्समधले काका निवृत्त व्हायला आले होते आणि त्यांची ती एक्सेलची फाईल दुसऱ्या कोणाला उघडून समजत नव्हती. मालकांनी सांगितलं, काय ते एकदाचं ॲप आण. बाहेरच्या राज्यातल्या एका कंपनीने पणजीच्या एका हॉटेलात डेमो ठेवला होता, तिथे मी गेले. सेल्सवाला तिशीचा, बोलायला गोड, मराठीही चांगलं बोलायचा. कामगाराने मोबाइलवर रजा टाकायची, स्वतःच पे-स्लिप काढायची, पत्ता बदलला, बँक बदलली तर स्वतःच भरायचं. "मॅडम, तुमच्या टेबलावरचा अर्धा कागद गेला समजा," तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यावर मी विकली गेले.

सुरक्षिततेचं मी विचारलं होतं, नाही असं नाही. "बँकेच्या दर्जाची आहे" हे उत्तर मिळालं आणि दुसऱ्या दिवशी ईमेलवर दोन पीडीएफ आल्या. एक माहिती-सुरक्षेचं, आयएसओ २७००१ चं प्रमाणपत्र, गोल सोनेरी शिक्क्याचं. दुसरा चार पानांचा पेनिट्रेशन टेस्टचा, म्हणजे मुद्दाम घुसायचा प्रयत्न करून त्रुटी शोधण्याच्या तपासणीचा रिपोर्ट, ज्याच्या शेवटच्या पानावर हिरव्या चौकटीत लिहिलेलं: गंभीर त्रुटी शून्य, मध्यम त्रुटी शून्य. आमच्याकडे आयटीचा म्हणून एकच मुलगा आहे, तो प्रिंटर आणि वायफाय सांभाळतो. त्याने रिपोर्ट पाहिला, मी पाहिला, मालकांनी हिरवी चौकट पाहिली. सही झाली.

पुन्हा त्या तेरा जणांकडे येते. पोर्टल उघडलं तर तेराही जणांची बँक खाती बदललेली, तीही मागच्या नऊ दिवसांत. नवी खाती सगळी गोव्याबाहेरच्या शाखांतली. सत्तरीतल्या ज्या माणसाने आयुष्यात वाळपईच्या शाखेपलीकडे बँक पाहिली नाही, त्याचा पगार तिसऱ्याच राज्यात जमा. आणि प्रत्येकाचं खातं बदलायच्या आदल्या दिवशी त्याचा मोबाइल नंबरही बदललेला. बदल कोणी केला त्या रकान्यात तेरा वेळा एकच शब्द: स्वतः.

पगाराची फाईल पोर्टलमधून थेट बँकेत चढते. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, नाव जुळतं की नाही हे बघून नव्हे. हे मला त्या दिवशी कळलं. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून आता पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय झाली आहे, पण सव्वातीनशे ओळींच्या फाईलमध्ये एकेक नाव बघायला आमच्याकडे कोणीच बसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला आणि सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी रायबंदरला जाऊन सायबर पोलिसांना कागद दिले. गेलेली रक्कम तीन लाख अठरा हजार. त्यातले एक लाख चार हजार वाटेतल्या खात्यांत अडकवता आले, बाकीचे पैसे पगार जमा झाल्यावर तासाभरातच पुढे पसार झाले होते. तो ऑपरेटर दुपारी दोनला आला आणि मी त्याला संध्याकाळपर्यंत थांबवलं. ते चार तास मला अजून टोचतात. पगार पडला नाही म्हटलं की आधी नोंदीतलं खातं बघा, सर्व्हरला दोष मागाहून द्या.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी तेराही जणांना कंपनीच्या पैशातून पगार दिला. चवथ कोणाची अडली नाही.

आता सॉफ्टवेअरवाल्यांचं ऐका. फोनवर त्यांचं पहिलं वाक्य, "तुमच्या कामगारांनी कोणाला तरी ओटीपी दिला असणार." तेराही जणांनी? नऊ दिवसांत? "मॅडम, कमी शिकलेली माणसं असतात..." इथे माझं डोकं फिरलं. तेरा जणांत एक आमची क्वालिटीची केमिस्ट होती, एमएस्सी झालेली.

माझी भाची फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी घरी आली होती. मी आणि अकाउंट्सचे काका, दोघांनीही आपापली परवानगी दिली, तीही लेखी घेतली, कारण दुसऱ्याची माहिती उघडून बघणं हा खेळ नाही हे तिनेच मला सांगितलं. माझ्या साध्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनने ती आत गेली आणि माझी पे-स्लिप उघडली. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत लांबलचक पत्ता, त्याच्या शेपटाला माझा कर्मचारी क्रमांक, १०४७. तिने ७ पुसून काकांच्या क्रमांकातला २ टाकला आणि एंटर दाबलं.

काकांची पे-स्लिप. नाव, जन्मतारीख, पॅन, पीएफचा यूएएन नंबर, बँकेचं खातं, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता. काका शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला.

"मावशी, हे ॲप तू कोण आहेस ते विचारतं," भाची म्हणाली. "पण तुला काय बघायचा हक्क आहे ते विचारतच नाही." हॉटेलच्या रिसेप्शनवर आधार कार्ड तपासून, सही घेऊन किल्ली द्यावी आणि ती किल्ली सगळ्याच खोल्यांना लागावी, तसा प्रकार. याला ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल म्हणतात. वेब ॲपमधल्या धोक्यांची जी यादी ओवॅस्प ही संस्था काढते, त्यात २०१७ साली हा दोष पाचवा होता, २०२१ च्या यादीत पहिला. म्हणजे कोणा महान हॅकरची करामत नव्हे, ही शाळेतल्या पहिल्या धड्यातली चूक.

पुढचं कोडं मग आपोआप सुटलं. पासवर्ड विसरलात तर ॲप तीन गोष्टी विचारायचं: कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख, पॅनचे शेवटचे चार आकडे-अक्षरं. तिन्ही पे-स्लिपवर छापलेल्या. कामगारांना कर्जाला लागतं म्हणून जन्मतारीख आणि पॅन आम्हीच हट्टाने छापून घेतलं होतं. पासवर्ड मिळाला की मोबाइल नंबर बदलायला जुन्या नंबरवर काही जात नसे. नंबर बदलला की बँक बदलायचा ओटीपी नव्या नंबरवर. सगळं रांगेत.

आत शिरायला चोरांना एक लॉगिन मात्र लागलंच असणार. ते आमच्याच गलथानपणाने मिळालं. आठ महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या एका कंत्राटी मुलाचं लॉगिन चालूच होतं, आणि त्याचा पासवर्ड आम्ही पहिल्या दिवशी दिलेला तोच, जन्मतारीख. त्या लॉगिनने कोणी किती पे-स्लिपा उघडल्या ते आजही सांगता येत नाही, कारण नुसतं उघडून पाहिल्याची नोंद हे ॲप ठेवतच नव्हतं. माणूस गेला की त्याचा गेटपास, बूट, हेल्मेट आम्ही सही घेऊन परत घेतो. लॉगिन परत घ्यायचं त्या फॉर्मवर नव्हतंच.

त्या रात्री मी तो चार पानांचा रिपोर्ट पहिल्यांदा नीट वाचला. पान दोन, दुसरी ओळ: कशाची तपासणी केली. तिथे पत्ता होता त्यांच्या जाहिरातीच्या वेबसाइटचा. जिथे "आम्हाला संपर्क करा" असतं, त्या. आमची माणसं जिथे लॉगिन करतात त्या ॲपला तपासणाऱ्याने हातही लावला नव्हता. खोटं म्हणावं तर एक अक्षर खोटं नाही. आयएसओच्या प्रमाणपत्रावरही व्याप्तीची ओळ होती: अमुक शहरातल्या कार्यालयातलं ग्राहक-सहाय्याचं काम. २७००१ हे कंपनी माहिती कशी सांभाळते त्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे, ॲपमधला कोड कोणी तपासला याचं नाही, एवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं. सेल्सवाल्याला मात्र ठाऊक होतं. मी त्यालाच फसवणूक म्हणते.

वकिलांनी करारातली बारीक टाइपातली कलमं दाखवली. सॉफ्टवेअरवाल्यांची जास्तीत जास्त जबाबदारी तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. कोणी केव्हा काय केलं याच्या नोंदी ते तीस दिवस ठेवणार, आणि त्या मागायचा हक्क आम्हाला कुठेच लिहून दिलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात नोंदी १८० दिवस ठेवा आणि अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा असं स्पष्ट आहे. आम्ही कळवलं तेव्हा सहा तास केव्हाच उलटून गेले होते. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं सांगताना वकील म्हणाले, "कामगारांच्या माहितीला आधी तुम्ही जबाबदार, तो व्हेंडर तुमचा गडी." माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर त्या कायद्यात दंडाची मर्यादा अडीचशे कोटींपर्यंत आहे. मालकांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला.

मग दुसऱ्या सॉफ्टवेअरचा शोध. यावेळी डेमो आमच्या कँटीनमध्ये, आमच्या लॅपटॉपवर. त्यात पहिली आली त्या कंपनीच्या माणसाला मी सांगितलं, दोन चाचणी कामगार तयार करा, एकाच्या लॉगिनने आत जा आणि दुसऱ्याची पे-स्लिप उघडून दाखवा. उघडली! तो म्हणाला, डेमोचं सर्व्हर आहे. चहा पाजला आणि पाठवून दिला.

दुसरी कंपनी लहान. त्यांच्याकडे रिपोर्ट मागितला तर एकतीस पानांचा आला, तपासणारी संस्था सर्ट-इनच्या यादीतली, तारीख पाच महिन्यांपूर्वीची, आणि तपासलेल्या पत्त्यांत लॉगिनचं ॲप, मोबाइल ॲप, ॲपला मागून माहिती पुरवणारे एपीआय, सगळं. आत सात त्रुटी. त्यातल्या पाच दुरुस्त करून पुन्हा तपासलेल्या, दोन मध्यम बाकी आणि त्या कधीपर्यंत करणार तेही लिहिलेलं. मालक म्हणाले, हे तर स्वतःच कबूल करताहेत! म्हटलं, म्हणूनच घेऊया. मी त्यांच्याकडून आलेल्या बाईंना हेही विचारलं, तुम्ही स्वतः कोणाकोणाची सॉफ्टवेअरं वापरता? २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचाऱ्यांची माहिती गेली ती त्यांच्या पगाराचं काम बघणाऱ्या झेलिस कंपनीकडून, आणि तिथे शिरकाव झाला तो झेलिस वापरत असलेल्या मूव्हइट नावाच्या फाईल पाठवायच्या सॉफ्टवेअरमधून. पगार घेणाऱ्या माणसाला हे मुळीच माहीत नसतं. त्या बाईंनी यादी काढून दिली.

आता आमच्याकडे बँक खातं बदलायचं तर जुन्या नंबरवर मेसेज जातो, नव्या खात्यात एक रुपया टाकून नाव जुळवलं जातं, आणि माझ्या विभागातली एक मुलगी त्या माणसाला शॉपफ्लोरवर जाऊन तोंडाने विचारते. वीस तारखेनंतरचा बदल पुढच्या महिन्यात. कामगार कुरकुरतात. कुरकुरू देत. पे-स्लिपवरून जन्मतारीख गेली, पॅनचे मधले आकडे झाकले, आणि कर्जाला पूर्ण कागद लागला तर ऑफिसातून शिक्का मारून मिळतो.

जुन्या कंपनीला दोन नोटिसा गेल्या, एकीचंही उत्तर नाही. केस चालू आहे. अडकलेले एक लाख चार हजार सोडवून घ्यायला कोर्टाचा आदेश लागतो, त्याचे हेलपाटे आहेत.

मागच्या महिन्यात कळंगुटला हॉटेलात एचआर बघणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. नवीन ॲप घेताहेत, कोणतं बरं? नाव ऐकून मी उठून बसले. तोच सेल्सवाला, तोच हॉल. म्हटलं, तुला दोन पीडीएफ आल्या असतील, त्यातली चार पानांची उघड. पान दोन, दुसरी ओळ वाच.

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "अगो, हा तर नुसत्या वेबसाइटचा पत्ता."