मार्सेयच्या जुन्या बंदराची पायी टूर: साडेतीन स्टार, अर्धा बाबांनी कापला

आम्ही चौघं बडोद्याच्या दांडिया बाजारची मंडळी, जूनमध्ये फ्रान्सला गेलो होतो, मार्सेयला दोनच दिवस होते आणि त्यात ही तीन तासांची वॉकिंग टूर घेतली, माणशी पंचवीस युरो, बुकिंग बडोद्यातूनच. एजंटचं नाव घेत नाही, पण फोनवर तो छातीठोकपणे म्हणाला होता, "काका, सावरकरांनी उडी मारली ना, तेच बंदर, एकदम काठावर उभं करतील." झालं, आमचे सासरे, म्हणजे बाबा, तेव्हापासून हवेत. बॅगेत नारळ घातला होता, तो आईंनी गुपचूप काढून ठेवला.

टूर सुरू होते व्यू-पोरवर, म्हणजे जुन्या बंदरावर. आपला बडोद्याचा सुरसागर तलाव कसा गावाच्या मधोमध आहे ना, तसंच शहराच्या पोटात शिरलेलं चौकोनी पाणी, फक्त तिथल्या महादेवाच्या मूर्तीऐवजी शेकडो शिडाच्या होड्या. सकाळची वेळ घ्या, कारण तेव्हा कोळणी मासे विकत असतात आणि त्यांचा आरडाओरडा ऐकून अगदी घरी आल्यासारखं वाटतं. जमिनीत एक पितळी पाटी बसवलीय, इ.स.पूर्व ६०० च्या सुमारास फोकाइया नावाच्या ग्रीक शहरातून खलाशी इथे उतरले आणि शहर वसलं, असं तिच्यावर लिहिलंय. गाइड मुलगी ते सांगत होती आणि बाबा तिकडे चपला काढून, पाण्याकडे तोंड करून, डोळे मिटून हात जोडून उभे. बिचारी थांबली. मग बाबांनी तिला आपल्या इंग्रजीत सगळं सांगितलं, ८ जुलै १९१०, मोरिया बोट, पोर्टहोलमधून उडी, पोहून धक्का गाठला, फ्रेंच शिपायाने पकडून परत इंग्रजांच्या हातात दिलं, पुढे त्या अटकेवरून हेगचा लवाद आणि १९११ चा निकाल. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, बोट केवढी होती? बाबा म्हणाले, मोठी, मुंबईला जाणारी. मग ती म्हणाली, तेवढी बोट इथे कशाला येईल, १८४४ पासून पलीकडे जोलिएतला नवे धक्के बांधायला घेतले आणि मोठ्या आगबोटी तिकडेच लागायच्या. बाबांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चला."

बाकी मुलगी हुशार, हे मान्य. बंदराच्या तोंडाशी दोन किल्ले आहेत, त्यातला सेंट निकोलस चौदाव्या लुईने १६६० मध्ये बांधायला घेतला तो शत्रूपेक्षा गावातल्याच लोकांना धाकात ठेवायला, कारण मार्सेयवाले राजाचं ऐकत नव्हते. हे ऐकून बाबा जरा खुलले. १७२० ला एक बोट प्लेग घेऊन आली, मालात व्यापाऱ्यांचा पैसा अडकलेला म्हणून क्वारंटाइनचे नियम ढिले पडले आणि जवळजवळ निम्मं शहर गेलं. हे सगळं तिने एका बाकावर बसवून सांगितलं, कोणीही मोबाइल काढला नाही.

पण खरं अंगावर आलं ते टाउन हॉलच्या मागे. सतराव्या शतकातली ती देखणी इमारत आणि तिच्या आजूबाजूला एकसारखे दगडी ब्लॉक, मला वाटलं प्लॅनिंग असेल. प्लॅनिंग कसलं, १९४३ च्या जानेवारीत जर्मनांनी आणि इथल्याच पोलिसांनी मिळून सुमारे २०,००० लोकांना घराबाहेर काढलं आणि मग फेब्रुवारीत सुरुंग लावून साधारण १५०० इमारती उडवल्या. टाउन हॉल आणि अशी एक-दोन जुनी घरं तेवढी ठेवली. म्हणजे ज्या फुटपाथवर आम्ही आइस्क्रीम खात होतो तिथे कोणाचं तरी स्वयंपाकघर होतं.

वर चढावर पानिए मोहल्ला वाचला. आपल्या बडोद्यातल्या घडियाळी पोळसारख्या बोळकांड्या, दोरीवर वाळणारे कपडे, पण निम्म्या घरांत आता साबणाची नाहीतर सुव्हेनिरची दुकानं, ते थोडं खटकलं. तिथलं व्हिएय शारिते बघाच. भिकाऱ्यांना कोंडायला बांधलेली जागा आहे, पण दिसते वाड्यासारखी, तीन मजली कमानी आणि मधल्या चौकात देऊळ असावं तसं घुमटाचं चॅपल. शेवटी पानीस खायला दिली, ती चण्याच्या पिठाची, तळलेल्या जाड पाटवडीसारखी, मीठ-मिरी सोडून काही नाही. आई म्हणाल्या, हिंग घातला असता तर बरी लागली असती.

टूरमध्ये जोलिएत नाहीये, हे बुक करणाऱ्या मराठी माणसांनी आधीच लक्षात घ्या. आम्ही नंतर पट्ट्यापट्ट्यांच्या मोठ्या कॅथेड्रलवरून आपले आपण चालत गेलो. कुंपण, पलीकडे कॉर्सिकाची भलीमोठी फेरी, सिक्युरिटीवाला. मी म्हटलं बाबा, करा नमस्कार. त्यांनी लांबूनच हात जोडले, चपला काही काढल्या नाहीत. म्हणाले, "आधी नक्की कुठला धक्का ते विचार."