रोम, असिसी, फ्लॉरेन्स: एका सहकुटुंब सहलीचा अनुभव
एका सहल कंपनीबरोबर आम्ही आठ दिवसांचा इटली दौरा सहकुटुंब केला. असिसीसाठी राखलेला पूर्ण दिवस हा त्यातील सर्वांत उत्तम भाग होता. संत फ्रान्सिस यांच्या बॅसिलिकेतील (एकावर एक दोन चर्च असलेल्या भव्य प्रार्थनास्थळातील) खालच्या चर्चमधून तळघरातील समाधीपाशी पोहोचल्यावर अखंड बडबडणारी आमची धाकटी लेकही गप्प झाली. १९९७च्या भूकंपात वरच्या चर्चचे छत जिथे कोसळले होते, ती जागा वाटाड्याने नेमकी दाखवली. व्हॅटिकनमध्ये मात्र विरस झाला. खांदे व गुडघे झाकलेले हवेत, ही सूचना आधी न मिळाल्यामुळे सासूबाईंची शाल ऐनवेळी लेकीच्या खांद्यांवर आली आणि या गडबडीत तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाच्या ५५१ पायऱ्या चढायच्या राहूनच गेल्या. फ्लॉरेन्स तर अक्षरशः उरकले. शाकाहारी जेवणाची सोय चोख होती.