पडदा झकास, पण माईक दोनच

यंदा आमच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, आम्ही नाटक कंपनी बोलावली नाही, गावातल्याच पोरांना घेऊन नाटक केलं. स्टेज, पडदे, लाइट, माईक, जनरेटर तेवढं झाडीपट्टी नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाहून भाड्यानं आणलं. भाडं १८,०००. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे.

नाटक जड होतं. बाप जुना लाल बावट्याचा. १९६१ चा सीलिंगचा, म्हणजे जमीन किती ठेवता येईल याचा कायदा झाल्यावर मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची जादा जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून तहसीलवर जाऊन बसणारा. तिसऱ्या अंकात त्याचीच दोन पोरं तीन एकरांपायी एकमेकांची गचांडी धरतात. शेवट २६ डिसेंबर १९९१ च्या सकाळचा. रेडिओ सांगतो, मॉस्कोत लाल झेंडा उतरला. अंगणात दोन चुली पेटलेल्या.

भाड्याच्या दुकानाच्या मालकाचा पहिला सवाल, "गाने किती आहेत जी, गुरुजी?" म्हटलं, एकच, धानाच्या रोवण्याचं. "मंग पब्लिक झोपते न जी!"

तरी माणसानं काम मनापासून केलं. त्याच्याकडचे पडदे ठरलेले: राजवाडा, जंगल, बंगला. कास्तकाराचं घर नव्हतंच. त्याच्या पेंटरनं जंगलाच्या पडद्याच्या पाठीवर कुडाची भिंत, ओसरी, धान साठवायची ढोली रंगवून दिली, वरचे पैसे न घेता. ढोलीचं विणकाम तर असं की म्हाताऱ्या बाया जवळ येऊन पाहून गेल्या. फक्त मागून कोणी बॅटरी मारली की भिंतीतून हरीण दिसायचं.

लाइट कमी-जास्त करायच्या डिमरवरचा पोरगा भलताच उत्साही. बाप 'कॉम्रेड' म्हणाला की हा लाल लाइट टाकायचा. बाप ते बऱ्याचदा म्हणतो.

खरा घात माईकनं केला. टांगलेले माईक दोनच, दोन्ही मधोमध. आईची चूल उजव्या विंगेजवळ. तिथून ती नवऱ्याला विचारते, "साऱ्यायले सारखं वाटा म्हनता, मंग माह्या ताटात रोज खरवडच काहून?" खरवड म्हणजे भांड्याच्या बुडाला लागलेलं. सगळं नाटक या वाक्यासाठी उभं केलेलं, आणि ते पाचव्या रांगेपलीकडे गेलंच नाही. पुढं बसलेल्या बायांनी मात्र ऐकलं. एकजण मोठ्यानं म्हणाली, "बराबर बोलली माय!" मागचे पुरुष विचारत राहिले, का म्हनली, का म्हनली.

जनरेटर पहाटे चारपर्यंत एकदाही बंद पडला नाही, हेही सांगायला हवं.

पुढच्या वर्षी यांनाच सांगणार. पण चार माईक पावतीवर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ देणार नाही. आणि डिमरवर तोच पोरगा असला, तर लाल कागद माझ्या पिशवीत राहील.