शहराजवळचे बीच: कोणता, कोणासोबत आणि किती वाजता

समुद्राकाठच्या शहरात तीन-चार दिवस सुट्टी काढायची ठरली की मॅपवर आजूबाजूला आठ-दहा बीच दिसतात, फोटोत सगळे सारखेच निळे, आणि मग आपण जो हॉटेलला जवळ तो धरतो किंवा ज्याचे फोटो जास्त तो. पण अर्ध्या तासाच्या अंतरात समुद्र इतका वेगळा वागतो की एका बीचवर पोरं निवांत डुंबत असतात आणि टेकडीपलीकडच्या बीचवर चांगल्या पोहणाऱ्याचेही पाय टेकत नाहीत. म्हणून फोटो नंतर बघा, आधी तीन गोष्टी बघा: बीच उघडा आहे की आडोशाचा, त्या दिवशी भरती किती वाजता आहे आणि तुमच्यासोबत कोण आहे.

आधी शहरातला बीच. लोक याला नावं ठेवतात, गर्दी आहे, आवाज आहे, पण पोहायचं असेल आणि समुद्राची सवय नसेल तर मी आधी इथेच पाठवेन, कारण लाइफगार्ड असण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त. लाल-पिवळे झेंडे लावलेले दिसले तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं, आणि लाल झेंडा दिसला, एक असो की दोन, तर पाण्यात उतरायचंच नाही, हे बऱ्याच देशांत सारखंच आहे. मात्र शहरातला म्हणजे सौम्य असं धरून चालू नका. सिडनीचा बाँडाय शहराला चिकटून आहे, तरी ६ फेब्रुवारी १९३८ ला तिथे एकामागून एक आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो लोकांना आत ओढलं आणि ५ जण गेले, बाकीचे वाचले कारण लाइफगार्ड तिथे होते. शहरातल्या बीचची दुसरी बाजू म्हणजे पाणी. मोठा पाऊस झाला की रस्त्यावरचं आणि नाल्यांचं सगळं समुद्रात उतरतं, त्यामुळे पावसानंतर निदान दोन दिवस शहरातल्या पाण्यात डोकं बुडवू नये, आणि नाला जिथे मिळतो त्याच्या आसपास तर कधीच नाही.

आता शहराबाहेरचा लांबलचक, उघडा बीच. मोठा वाळूचा पट्टा, माणसं कमी, लाटांचा आवाज गाडीतून उतरल्या उतरल्या ऐकू येतो. फिरायला आणि बसायला याच्यासारखा दुसरा नाही, आणि पोहायला सगळ्यात फसवा हाच. इथे ओढ असते, म्हणजे लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून परत आत जातं त्याला रिप करंट म्हणतात, आणि गंमत नाही, तो पट्टा बघायला सगळ्यात शांत दिसतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मधे एक गडद, सपाट जागा, लाट फुटतच नाही, फेस उलटा समुद्राकडे चाललाय. नवीन माणूस नेमका तिथेच उतरतो कारण तिथे लाटा नाहीत. याचा वेग कधीकधी सेकंदाला दोन-अडीच मीटरपर्यंत जातो, म्हणजे ऑलिम्पिकवालाही त्याच्या उलट पोहून येणार नाही. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडून मग लाटांबरोबर परत यायचं. मी अशा बीचवर गेले की आधी दहा मिनिटं उंचावर उभी राहून नुसतं पाणी बघते. पार्किंगच्या कठड्यावरून जे दिसतं ते कमरेभर पाण्यातून दिसत नाही.

याच प्रकारात अजून एक फरक आहे तो लोक बघतच नाहीत, वाळू. बारीक, घट्ट वाळू असेल तर बीच सपाट असतो, लाट लांबवर फुटते आणि फेस होऊन पायाशी येते. जाड, रवाळ वाळू असेल तर उतार तीव्र असतो, लाट थेट काठावर आपटते, आणि दोन पावलांत पाणी गळ्यापर्यंत. अशा लाटेत डोक्यावर पडून मानेला मार बसतो, त्यामुळे उताराच्या बीचवर लाटेत सूर मारणं पूर्ण बंद. म्हाताऱ्या माणसांना तर तिथे पाय धुवायलाही एकटं सोडू नका, परत जाणारी लाट टाचेखालची वाळू काढून घेते आणि माणूस उभ्या उभ्या बसतो.

लहान पोरं असतील तर दोन डोंगरांच्या कुशीतला छोटा, अर्धगोल बीच शोधा. लाटेचा जोर पुढे आलेल्या डोंगराच्या टोकांवर एकवटतो आणि मधल्या वळणात पसरून कमी होतो, म्हणून बाहेर समुद्र खवळलेला असताना पण आत पाणी बऱ्यापैकी शांत असतं. उघड्या बीचशी तुलना केली तर इथे जागा कमी, भरतीला तर वाळू जवळजवळ संपतेच, आणि वारा बाहेरून आत येत असेल तर तरंगता कचरा आणि जेलीफिश पण इथेच गोळा होतात. तरी पोरांसाठी मी हाच निवडते, फक्त ओहोटीनंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत जाते, म्हणजे पसरायला वाळू मिळते.

खाडीच्या तोंडाशी असलेला बीच दिसायला याच्याहून शांत, पण दोघांना एका तागडीत घालू नका. आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या लोकांनी सांगितलं की पोरांसाठी सेफ आहे. गुडघाभर पाणी, लाट नाही, आरशासारखं. ओहोटी लागली आणि भाचीच्या हातातली हवेची ट्यूब सुटली, ती मी दोन पावलं टाकेपर्यंत खाडीच्या मुखातून बाहेर समुद्रात लागली होती. भाची ट्यूबमधे बसलेली असती तर, हा विचार मला अजून सोडत नाही. ओहोटीला सगळ्या खाडीचं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडतं, म्हणून तिथे पक्षी बघा, संध्याकाळी बसा, पण पाण्यात नको.

आणि कातळाचा बीच, माझा सगळ्यात लाडका, जिथे पोहायचं नसतंच. ओहोटीला खडकांमधे पाण्याची डबकी राहतात आणि एकेका डबक्यात अख्खं जग असतं: शंखात शिरलेला खेकडा, फुलासारखं उघडलेलं समुद्रफूल, बोटाएवढे मासे जे सावली पडली की दगडाखाली. गुडघे मोडून पाच मिनिटं न हलता बसलं की सगळे बाहेर येतात. यासाठी अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस मिळाला तर सोनं, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली पण उतरतं. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. भरती सरळ रेषेत चढत नाही, पहिल्या तासात हळू, आणि साधारण सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन जातं, तेवढ्यात परतीची वाट बुडते. चप्पल नाही, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट, हिरव्या शेवाळावर पाय नाही, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो नाही.

टाइमटेबल दोन गोष्टींवर बसवा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे काल सकाळी आठला जसं होतं तसं आज नऊच्या सुमाराला मिळेल. भरती-ओहोटीत किती फरक पडतो तेही शहराप्रमाणे बदलतं, भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी जेमतेम फूटभर आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत, तेव्हा जाताय तिथलं टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, त्याच दिवशी बघा. दुसरं म्हणजे वारा: ऊन चढलं की जमीन तापते आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, पाणी खडबडतं, वाळू डोळ्यात. म्हणून पाण्यातलं सगळं सकाळी.

तीन दिवस असतील तर मी असं करेन: पहिल्या सकाळी शहरातला, पाण्याचा अंदाज येतो आणि लाइफगार्डला विचारता येतं की आजूबाजूला कुठे ओढ आहे. दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन कुशीतला, संध्याकाळी खाडीवर. तिसऱ्या दिवशी ओहोटी ज्या वेळेला असेल त्या वेळेला कातळ, मग ती पहाटे साडेपाचला असली तरी उठायचं. उघडा बीच शेवटच्या संध्याकाळी, कपडे न भिजवता, नुसतं चालायला. आणि एकच दिवस असेल आणि सोबत लहान कोणी नसेल तर बाकी सगळं सोडून कातळावर जा.