आधी चित्र, मग बाकी सारे: राइक्सम्युझियमचे संकेतस्थळ

ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम हे नेदरलँड्सचे राष्ट्रीय संग्रहालय. तिथवर जाणे सर्वांना जमत नाही, पण त्याच्या संकेतस्थळावर मी अनेक वर्षे नेमाने जातो, आणि संग्रहालयाचे संकेतस्थळ कसे असावे हे मला कोणी विचारले तर पहिल्यांदा याचेच नाव सांगतो. बहुतेक संग्रहालये आपल्या संकेतस्थळाकडे माहितीफलक म्हणून पाहतात: वेळ, तिकीट, सुट्टीचा वार, संचालकांचे मनोगत. ही माहिती येथेही आहे, चटकन सापडते, आणि तिच्याविषयी याहून अधिक सांगण्याची गरज नाही. हे संकेतस्थळ वेगळे ठरते ते संग्रहाच्या विभागामुळे.

संग्रहालयाची इमारत दहा वर्षांच्या नूतनीकरणानंतर 13 एप्रिल 2013 रोजी पुन्हा उघडली. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर 2012 मध्ये, ‘राइक्सस्टुडिओ’ या नावाने सुमारे 1,25,000 कलाकृतींच्या उच्च दर्जाच्या प्रतिमा लोकांसाठी खुल्या करण्यात आल्या. दालनांची दारे बंद असताना संग्रहाचे दार असे उघडले गेले. प्रतिमा पाहा, मोठी करा, आपल्या आवडीचा संच तयार करा, मोफत उतरवून घ्या आणि तिच्यापासून हवे ते बनवा, अशी ही मुभा होती. लोकांनी या प्रतिमांपासून नव्या वस्तू घडवाव्यात म्हणून संग्रहालयाने पुढे एक पुरस्कारही सुरू केला.

या मोकळेपणामागचे एक कारण मला फार बोलके वाटते. सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीरचे दूध ओतणाऱ्या दासीचे प्रसिद्ध चित्र याच संग्रहालयात आहे. त्याच्या पिवळट, निकृष्ट प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या, की संग्रहालयाच्या दुकानातील पोस्टकार्डावरचे खरे रंगच लोकांना खोटे वाटू लागले. वाईट प्रतींना आळा घालायचा तर चांगली प्रत स्वतःच सर्वांच्या हाती द्यायची, हा धडा त्यातून घेतला गेला. आपल्याकडच्या काही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर बोटभर छायाचित्र आणि त्याच्या मधोमध आडवा शिक्का पाहताना मला नेहमी ती पिवळी पडलेली दासी आठवते.

रचनेचे सूत्र साधे आहे: आधी चित्र, मग बाकी सारे. प्रतिमेला पडद्यावर प्रशस्त जागा मिळते आणि मजकूर तिच्यामागून येतो. कलेतिहासाचा अभ्यासक नसलेला माणूस नावे आणि शतके शोधत येत नाही. त्याची नजर एखाद्या निळ्या रंगावर, एखाद्या हातावर किंवा काचेच्या पेल्यावर अडते आणि तिथून तो आत शिरतो. रचनाकारांनी हे ओळखले आहे. अभ्यासकाला लागणारे माप, माध्यम, नोंदणी क्रमांक आणि पूर्वीच्या मालकीचा इतिहासही येथे मिळतो, मात्र तो पाहणाऱ्याच्या वाटेत आडवा येत नाही.

या विचाराची परिसीमा म्हणजे डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या नगररक्षकांच्या तुकडीच्या 1642 मधील चित्राची प्रतिमा. जानेवारी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रतिमा 717 गिगापिक्सेलची, म्हणजे 717 अब्ज बिंदूंची असून ती 8,439 छायाचित्रे जोडून तयार केली आहे. तिच्यातील दोन बिंदूंमधले अंतर 5 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग आहे. सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद अशा या चित्रात बोटाने आत आत जात राहावे, तर कप्तानाच्या चेहऱ्याचा डोळा होतो, डोळ्याचा रंगाचा थर होतो, आणि शेवटी त्या थराला गेलेले तडे दिसू लागतात. दालनात उभ्या असलेल्या प्रेक्षकाला इतके जवळ कोणीही जाऊ देणार नाही.

मराठी वाचकाने आवर्जून शोधावा असा एक ठेवाही येथे आहे. ॲमस्टरडॅमचे नगराध्यक्ष निकोलास विट्सेन यांच्या नावाने ओळखला जाणारा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्यात तयार झालेला लघुचित्रांचा संग्रह राइक्सम्युझियमकडे आहे, आणि त्यात छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र आहे. कागदावरची अशी चित्रे प्रकाशाने फिकी पडतात, म्हणून ती कायम मांडून ठेवता येत नाहीत. पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मराठी माणसाला ती कोणत्याही दिवशी, कागदाचा पोत जाणवेल इतक्या जवळून पाहता येतात, यासाठी मी या संग्रहालयाचा मनापासून ऋणी आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. संग्रहाची माहिती डच आणि इंग्रजीत आहे. ज्या वस्तू भारत, श्रीलंका किंवा इंडोनेशियातून तिथे पोहोचल्या, त्यांच्याविषयीचे चार परिच्छेद तरी त्या त्या भूमीच्या भाषांत असायला हवेत. महाराजांच्या त्या चित्राखाली दोन ओळी मराठीत वाचायला मिळाव्यात, ही इच्छा मी संग्रहालयाला पत्राने कळवणार आहे.