विंडोज आणि लिनक्स यांच्यातला सामायिक डी ड्राइव्ह : एनटीएफएस-थ्रीजीचा वर्षभराचा अनुभव

अंबाजोगाईत माझे लग्नपत्रिका, हँडबिले आणि पावतीपुस्तके तयार करून देण्याचे छोटे डीटीपी केंद्र आहे. माझे सारे काम कोरलड्रॉ आणि श्रीलिपी या विंडोजवरच्या प्रोग्रामांवर चालते, त्यामुळे विंडोज सोडणे मला शक्य नाही. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून तिचा प्रोग्रामिंगचा अभ्यास लिनक्सवर होतो. संगणक मात्र एकच आहे. म्हणून त्यावर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट २२ या दोन्ही प्रणाली बसवल्या आणि घरचे फोटो, सातबाराचे उतारे, गुणपत्रिका, माझी जुनी कामे हे सगळे दोन्हींकडून उघडता यावे म्हणून डी ड्राइव्ह सामायिक ठेवला. हा ड्राइव्ह लिनक्समधून वाचण्या-लिहिण्यासाठी मिंटसोबत मोफत मिळणारा एनटीएफएस-थ्रीजी हा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची डिस्क लिनक्सला समजावून देणारा प्रोग्राम, मी वर्षभर वापरला आहे.

सुरुवात मात्र चुकीची झाली होती. लातूरच्या ज्या दुकानातून संगणक घेतला, तिथल्या तंत्रज्ञाने डी ड्राइव्ह एक्सफॅट या फायली साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट करून दिला. एक्सफॅट दोन्ही प्रणालींना चालतो हे खरे; मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचे तपशील प्रसिद्ध केल्यावर लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) त्याची सोय झाली, आणि पेनड्राइव्हसाठी तो उत्तम आहे. परंतु बदल करण्याआधी त्याची नोंद करून ठेवणारे जर्नल एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीत असते, तसे एक्सफॅटमध्ये नसते. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि लग्नसराईही तेव्हाच असते. एप्रिलमध्ये फायली कॉपी होत असताना वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, आणि संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा बहिणीकडच्या वास्तुशांतीच्या फोटोंचा फोल्डर रिकामा दिसला. विंडोजच्या तपासणीतून काही फोटो क्रमांकांच्या निनावी फायलींमध्ये परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच. जर्नल असले तरी अर्धवट लिहिलेली फाइल वाचेलच असे नाही, पण फोल्डरची रचना सहसा शाबूत राहते. वीज बेभरवशाची असेल तिथे घरच्या डिस्कवर एक्सफॅट ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घेतला. एनटीएफएस-थ्रीजीची पहिली स्थिर आवृत्ती २००७ मध्ये आली, म्हणजे हा ड्रायव्हर चांगला मुरलेला आहे. वर्षभरात वीज अनेकदा गेली, पण एकही फोल्डर हरवला नाही. मिंटमधील फोटोंच्या फोल्डरची जागा आम्ही डी ड्राइव्हवर वळवली आहे आणि विंडोजमध्येही त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील लोकेशन बदलून तीच जागा दिली आहे, त्यामुळे फोटो कोणत्या बाजूने टाकला हे आता लक्षात ठेवावे लागत नाही. मोठ्या फायलींसाठी वेग पुरेसा वाटतो. हजारो बारीक फायलींच्या बाबतीत मात्र तो मंदावतो, कारण हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याबाहेर राहून काम करतो. गाभ्यातला एनटीएफएस-थ्री हा दुसरा ड्रायव्हर २०२१ च्या ५.१५ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि तो अधिक वेगवान आहे. तरी घरच्या कागदपत्रांसाठी मी मुरलेला पर्यायच पसंत केला आणि मुलीला तिचे प्रोग्राम लिनक्सच्या स्वतःच्या विभागात ठेवायला सांगितले. लिनक्सच्या परवानग्याही तिथेच नीट पाळल्या जातात.

सर्वांत जास्त मनस्ताप विंडोजच्या फास्ट स्टार्टअप या सोयीने दिला. ‘बाबा, डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होईना झालंय,’ असे मुलगी दर दोन दिवसांनी सांगत असे आणि मला दोष ड्रायव्हरचा वाटत असे. प्रत्यक्षात ही सोय चालू असताना शट डाउन केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. ते आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून झोपी जाते आणि ड्राइव्हची काही माहिती आपल्याच हिशेबात अडकवून ठेवते. अशा ड्राइव्हवर लिहिले तर फायली बिघडू शकतात, म्हणून एनटीएफएस-थ्रीजी तो फक्त वाचण्यासाठी उघडतो. हा त्याचा दोष नसून सावधपणा आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद केली आणि तक्रार कायमची मिटली. ड्राइव्हमध्ये खरोखरच बिघाड झाला, तर दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच करावी. लिनक्समधील साधन जुजबी डागडुजीपलीकडे जात नाही.

घड्याळाचाही एक घोळ झाला. संगणकातल्या घड्याळाची वेळ विंडोज स्थानिक मानते, तर लिनक्स सहसा जागतिक मानते, त्यामुळे लिनक्सनंतर विंडोज सुरू केले की वेळ साडेपाच तास मागे दिसत असे आणि फायलींवर तीच चुकीची वेळ पडे. एकाच पत्रिकेची चार प्रूफे झालेली असताना शेवटचे कोणते हे तारखेवरून ठरवणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. लिनक्सलाही स्थानिक वेळ मानायला लावणारी एक आज्ञा दिल्यावर हा घोळ संपला.

फायलींना मराठी नावे देणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. नावात विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह लिनक्सला चालते, पण विंडोज ती फाइल उघडत नाही. एनटीएफएस-थ्रीजीमध्ये अशी नावे मुळातच नाकारण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा. दुसरे असे, की एनटीएफएसमध्ये नावासाठी २५५ चिन्हे मिळतात, तर लिनक्सच्या विभागात वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी-फोर पद्धतीत २५५ बाइट. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि अनुस्वार तीन-तीन बाइट घेतो. ‘अंबाजोगाई’ एवढ्या एका शब्दालाच २७ बाइट लागतात. म्हणजे नाव ८५ चिन्हांच्या पुढे गेले, की ती फाइल डी ड्राइव्हवरून लिनक्सच्या विभागात कॉपी होत नाही. माझ्या जुन्या फायलींच्या नावांत वधू-वर, गाव, मंगल कार्यालय आणि मुहूर्त असे सगळेच असायचे. आता आडनावे आणि तारीख एवढेच लिहितो.